गाय नंबर ४४०७

मी एक जुनी गिटार आहे. किती जुनी, हे सांगायला माझी काही हरकत नाही. आजवर लोकांनी मला तेवढंच विचारलं आहे. तुला थंडी वाजते का, शेजारच्या कपाटातली वाळवी त्रास देते का, काल रात्री तुझ्या पोटात काय पळत होतं, असं कुणी विचारत नाही. मला पालथी घालतात, तोंडात बॅटरी मारतात आणि नंबर शोधतात.

मित्रांनो, तुमचा जन्मदाखला घरातल्या कपाटात असतो. आमचा पोटात असतो. कारखान्यात गिटार तयार झाली की तिच्यावर एक नंबर पडतो, आणि जाणकार माणूस त्यावरून तिचं साल सांगतो. आमच्या कारखान्याची रीत तर फार सोपी होती. नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे साल. माझा नंबर छत्तीसने सुरू होतो. म्हणजे मी एकोणीसशे छत्तीसची. संपलं. एवढ्याशा गोष्टीवरून एका घरातली दोन माणसं तीस वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत, आणि त्याच्या कितीतरी आधी मी गायही होऊन गेले. ते सगळं क्रमाने सांगते.

माझा जन्म मिशिगनचा. बाहेर बर्फ पडत होतं. पोट स्प्रूसच्या लाकडाचं, पाठ महोगनीची, मानेत एक लोखंडी सळई, म्हणजे ताठ राहायची सोय जन्मापासूनच. नंबराचा कागद माझ्या पोटात ज्याने चिकटवला त्याला पडसं झालं होतं. कागदाला हात लावला आणि त्याला शिंक आली. म्हणून माझा जन्मदाखला थोडा तिरका आहे. मग खोक्यात घालून मला आगगाडीत चढवलं, मग बोटीत, आणि खोकं उघडलं ते थेट हवाई बेटावरच्या हिलो गावातल्या दुकानात. माझ्या एका बाजूला तांदळाची पोती होती, दुसऱ्या बाजूला रॉकेलचे कंदील.

पुढच्याच वर्षी लोपाका नहाले दुकानात शिरला. तो वायमेआच्या रँचवरचा पानिओलो, म्हणजे घोड्यावर बसून गुरं राखणारा गडी. गाल सुजलेला होता. दात काढून घ्यायला तो दिवसभर घोडा हाकत हिलोला आला होता आणि दातांचा डॉक्टर जेवायला गेला होता म्हणून वेळ काढत होता. त्याने मला उचललं. त्याची बोटं दोरखंडासारखी जाड, अंगठा तर एखाद्या लहान बटाट्याएवढा. मला वाटलं, आता मोडते मी. पण त्या अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चालायला सुरुवात केली आणि घोडा रमतगमत घरी निघावा तसा सूर उमटला. वरच्या बारीक तारांवर बाकीची बोटं पाण्यासारखी वाहत होती. मित्रांनो, कारखान्यात मला सगळ्यांनी वाजवून पाहिलं होतं, पण मी गिटार आहे हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर जेवून परत आला, तोवर लोपाका मला पाठीला बांधून घराकडे निघालाही होता. तो दात पुढे कित्येक वर्षं दुखत राहिला. त्याचा दोष त्याने मला कधी दिला नाही.

त्या काळी तो सडाफटिंग होता. नदीपलीकडे मिलिआना नावाची एक मुलगी राहायची आणि तिला लोपाकाशी बोलायची मुळीच इच्छा नव्हती. ती त्याच्याशी बोलायची नाही, पण मी वाजायला लागले की खिडकी उघडायची. काही महिन्यांनी तिने दारही उघडलं. त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहुणे आहेत, कुत्रा आहे, शेजाऱ्याचा नवा ट्रकही आहे. मी नाही.

लोपाकाचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे त्याचं तारा लावणं. आमच्याकडे घराघराची तारा लावायची आपापली रीत असते. काही तारा ढिल्या सोडायच्या, पण कुठली आणि किती, हे दुसऱ्या घराला कळू द्यायचं नाही. लोपाका मला खाली ठेवण्याआधी न चुकता माझ्या सगळ्या खुंट्या पिळून तारा लोळवून टाकायचा. शेजारचा मनोएल गवत कापायच्या निमित्ताने आमच्या खिडकीखाली येऊन बसायचा. तारा लावायची वेळ आली की लोपाकाला खोकला लागायचा, आणि खोकला थांबेपर्यंत तारा लागलेल्या असायच्या. मनोएलला शेवटपर्यंत काही शिकता आलं नाही, पण आमच्या अंगणात कधी गवतही वाढलं नाही.

आता गाईचं सांगते.

युद्ध संपल्यावर रँचवर एक नवा मुकादम आला. त्याला नंबरांचं वेड होतं. गाईंना नंबर, घोड्यांना नंबर, खोगिरांना नंबर, बादल्यांना नंबर. लोपाकाने विचारलं की माझी गिटार तर माझी स्वतःची आहे, तिला नाही ना? मुकादम म्हणाला, रँचच्या हद्दीत जे जे आहे त्याला नंबर हवा. लोपाका आज्ञाधारक माणूस. पण नवीन नंबर शिल्लक नव्हते. तेवढ्यात ४४०७ नंबरची एक गाय डोंगरात पळून जाऊन तिथल्या रानगुरांत मिसळली होती आणि परत यायचं नाव घेत नव्हती. तिचा नंबर मोकळा होता. खोगिरांच्या खोलीत आकडे ठोकायचे पोलादी ठसे होते. त्यातल्या चाराचा पाय तुटलेला होता, कारण कुणीतरी त्याने माशांचा डबा उघडायचा प्रयत्न केला होता. लोपाकाने मला मांडीवर पालथं घेतलं आणि माझ्या डोक्याच्या मागे चार ठोके मारले. दोन लंगडे चार, एक शून्य, एक सात.

वर्षाच्या शेवटी गुरांची मोजणी झाली. मुकादमाने पुकारलं, "चव्वेचाळीसशे सात."

"घरी आहे," लोपाका म्हणाला. "व्हरांड्यात."

"तब्येत?"

"उत्तम. पावसाळी हवेत जरा फुगते."

मुकादमाने मान डोलावली. दुसऱ्या वर्षी त्याने वासराची चौकशी केली. लोपाका म्हणाला, अजून काही लक्षण नाही. तिसऱ्या वर्षी मुकादमाने मला भाकड ठरवलं आणि खाटकाकडे पाठवायच्या गुरांत घातलं. तेव्हा मात्र लोपाका घाबरला. त्याने टोपी काढली, चेहरा पाडला आणि ४४०७ दरीत कोसळल्याची बातमी मुकादमाला दिली. मी मेल्याचं मला कळलं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. मुकादमाला वाईट वाटलं, असं लोपाका म्हणाला. चांगली गाय होती म्हणे.

लोपाकाला दोन मुलं. थोरला पलानी, अडतीस साली झालेला. धाकटी एलिकापेका, चव्वेचाळीस सालची, पण तिला सगळे पेका म्हणायचे. दोघंही मला जीव लावायची. आणि दोघांशीही लोपाका एकदा एकदा खोटं बोलला. दोन्ही वेळी मी तिथे होते, म्हणून मला माहीत आहे.

पहिली वेळ. पलानी आठ-नऊ वर्षांचा असेल. घोड्यावरून पडून त्याचा हात मोडला. हाडवैद्याने फळी बांधली, पण पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला आणि जेवेना. एका हाताचा पानिओलो कुठे असतो का, असं त्याचं म्हणणं. लोपाका मला घेऊन त्याच्या उशाशी बसला. म्हणाला, "ही कधी आणली माहीत आहे? तू जन्मलास ना, त्याच आठवड्यात. तुझ्यासाठी. मी नुसता सांभाळतोय." पलानी वळला. त्याने बऱ्या हाताने माझ्या तारांवरून बोट फिरवलं, आणि संध्याकाळी जेवला. मित्रांनो, हा मुलगा जन्मला तेव्हा पाळणा ठेवायला जागा हवी म्हणून मला कोपऱ्यात सरकवलं होतं. पण मी काही बोलले नाही. ते खोटं त्या घराला कसं चपखल बसलं होतं.

दुसरी वेळ. पेका अठरा वर्षांची, होनोलुलूला नर्सचं शिक्षण घ्यायला निघाली होती. वायमेआचा विमानतळ म्हणजे तेव्हा एक छप्पर आणि एक कुंपण. गळ्यात फुलांच्या माळा हनुवटीपर्यंत आल्या होत्या आणि ती विमानाच्या शिडीवर पाय ठेवायला तयार नव्हती. पायलट घड्याळाकडे बघत होता. लोपाकाने मला पुढे केलं. म्हणाला, "पेका, तू झालीस तेव्हा ही घेतली होती. तुझीच आहे. इथे ठेवतो, म्हणजे तुला परत यावं लागेल." ती रडत हसली आणि चढली. आणि खरंच परत आली, इथल्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स राहिली.

लोपाकाने हे खोटं दोनदा वापरलंय, हे तो बहुधा विसरला होता. किंवा विसरला नव्हता. त्याचं मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मिलिआना आधीच गेली होती; तो गेला तेव्हा अख्खं वायमेआ जेवायला आलं होतं. जेवणं झाली, भांडी धुवायला गेली, आणि दोन हात एकदम माझ्याकडे आले. मानेला पलानीने धरलं, कमरेला पेकाने. तो म्हणाला, ही माझी, पापांनी मला सांगितलंय. ती म्हणाली, ही माझी, पापांनी मला सांगितलंय. मग तो म्हणाला, तू खोटं बोलतेस. मग तीही तेच म्हणाली. भांडण माझ्यावरून नव्हतं, मित्रांनो. पापांनी गिटार कुणाच्या येण्याच्या आनंदात आणली, याच्यावरून होतं. दोघांच्याही डोक्यात पापा आपल्याशी खोटं बोलतील ही शक्यता नव्हती. मग खोटारडं उरतं कोण? समोरचं.

काहू सोलोमोना, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, मध्ये पडले. निकाल लागेपर्यंत गिटार चर्चमध्ये राहील, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांना वाटलं, आठवडाभराची गोष्ट आहे.

मला नाताळच्या नाटकाच्या कपाटात ठेवलं. तिथे तीन लाकडी राजे होते आणि एक कापसाची मेंढी होती. मेंढीला दर डिसेंबरात बाहेर काढत. परत आली की ती फार बोलायची. लोकांनी किती टाळ्या वाजवल्या, यंदा कुणाच्या मुलाने तिच्यावर सरबत सांडलं, सगळं. मी तीस वर्षं ऐकून घेतलं. माझ्या पोटात पालीने अंडी घातली, पिल्लं निघून गेली, टरफलं राहिली. कुणाचा तरी उपयोग झाला, असं मी मनाला समजावलं.

आणि पलानी आणि पेका? दोघं एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. बोलत मात्र काहूंच्या मार्फत. "काहू, त्या बाईंना सांगा, त्यांची गाडी माझ्या फाटकापुढे आहे." "काहू, त्या गृहस्थांना सांगा, फाटक त्यांचं असेल, रस्ता नाही." मधोमध बसलेल्या काहूंना दोघांचं सगळं ऐकू यायचं आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू यायचं, पण रीत म्हणून काहू प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायचे. त्यांच्या सहनशक्तीला मी आजही मानते.

गेल्या वर्षी तिघा राजांपैकी एक आतून पोकळ होऊन कोसळला. वाळवी. कपाट जाळायचं ठरलं. काहूंनी मला हातात घेतलं आणि दोघांना बोलावलं. पलानी आता ऐंशीच्या बराच पलीकडे गेला होता, पेका ऐंशीला टेकली होती. काहू स्वतःही काठी घेऊन चालत होते. ते म्हणाले, "लोपाकाला पुरलं त्या दिवसापासून हे भांडण चाललंय. त्याच्यासकट मी तुम्हा दोघांना पुरणार नाही." मग त्यांनी तोड सुचवली. होनोलुलूहून तोकुनागा नावाचे गिटारींचे जाणकार येणार होते. ते नंबर वाचतील. अडतीस निघालं तर गिटार पलानीची, चव्वेचाळीस निघालं तर पेकाची. दोघांनी लगेच होकार दिला, अर्थात काहूंच्या मार्फत. दोघांनाही रात्रभर झोप लागली नाही असं दोघांनीही काहूंना वेगवेगळं सांगितलं, आणि एकमेकांना कळू देऊ नका असंही सांगितलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात जेवण मांडलं होतं. भट्टीतलं डुकराचं मांस, अळूच्या कंदाची मऊ पोई, बटाट्याचं सॅलड, नारळाची बर्फी. तोकुनागा आले ते सरळ माझ्याकडे. आधी जेवा म्हटलं तर म्हणाले, आधी काम. सभागृहात कुजबुज झाली. उपाशी पोटी माणसाला दिसतं तरी कसं, असं एक आंटी शेजारणीला म्हणाली, पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू.

पण मित्रांनो, त्यांना दिसत होतं. त्यांनी मला उचललं तेव्हा मला हिलोचं दुकान आठवलं. त्यांनी माझ्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. पोटावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. मानेवरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, एवढी वर्षं कपाटात राहून मान सरळ कशी? काहूंनी सांगितलं की लोपाका तारा ढिल्या करूनच ठेवायचा आणि त्याच्यामागे कुणी त्या पिळल्या नाहीत. तोकुनागांनी मान लववली. न पाहिलेल्या माणसाला अशी मान लववताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला पालथं घातलं आणि डोक्यामागचा आकडा भिंगातून वाचला. काही कारखाने नंबर तिथेच ठोकत असत, म्हणून.

"चार, चार, शून्य, सात," ते म्हणाले. "चव्वेचाळीस."

पेकाने फक्त टोपी सरळ केली. पलानी उठला आणि बाहेर गेला. ट्रकचा दरवाजा वाजला. गेला तो, असं सगळ्यांना वाटलं. बटाट्याचं सॅलड फिरायला लागलं. तोकुनागा मात्र जेवायला उठले नाहीत. ते माझ्या मानेकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. युद्धाच्या वर्षांत लोखंड मिळत नव्हतं, मग या मानेत सळई कशी, असं ते स्वतःशीच बोलत होते. नंबर एक सांगतोय आणि लाकूड दुसरंच.

तेवढ्यात पलानी परत आला. खांद्यावर एक जुनं खोगीर होतं. ते त्याने सॅलडशेजारी दाणकन ठेवलं.

"काहू, पाहुण्यांना सांगा, हा चार बघा."

पाहुणे हातभर अंतरावर होते. तरी काहूंनी सांगितलं. तोकुनागांनी खोगिरावरचा चार पाहिला, माझा चार पाहिला, पुन्हा खोगिराचा पाहिला. दोन्हींचा पाय तुटलेला. पलानीने मग मुकादमाची आणि पळून गेलेल्या गाईची गोष्ट सांगितली, दरीत कोसळण्यापर्यंत. सभागृह हसून लोळायला लागलं. एका आंटीने डोळे पुसले, ते हसून की गाईसाठी, कोण जाणे. तोकुनागा भिंग खाली ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं हे काम करतोय. गाईचं साल आज पहिल्यांदा सांगितलं." आणि त्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक मोजून तीनदा मान हलवत कबूल केली. मला तो माणूस फार आवडला.

"काहू," पेका म्हणाली, "त्या गृहस्थांना सांगा, गाय मेली म्हणून गिटार त्यांची होत नाही."

"नाही होत," तोकुनागा म्हणाले. "खरा नंबर आत असेल."

दातांच्या डॉक्टरचा असतो तसा छोटा आरसा त्यांनी माझ्या तोंडातून आत घातला. लोपाकाला जो डॉक्टर भेटला नाही त्याची हत्यारं अखेर माझ्या नशिबी आली. आत तिरका कागद होता आणि कागदावर पालीच्या अंड्यांची टरफलं चिकटलेली. त्यांनी कापूस ओला करून काडीला गुंडाळला आणि टरफलं सोडवायला लागले. लोकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पहिलं टरफल निघालं.

"तीन," तोकुनागा म्हणाले.

पलानीने डोळे मिटले. पेकाने टेबलाची कड धरली. तीनने सुरू होणारं साल तिचं असणं शक्य नव्हतं. अठराव्या वर्षी विमानाच्या शिडीपाशी तिला जे मिळालं होतं ते आता सगळ्या गावासमोर काढून घेतलं जात होतं, आणि ती रडत नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या तारा ढिल्या होत्या.

दुसरं टरफल घट्ट होतं. काडी मोडली. दुसरी काडी आणली. शेवटी ते निघालं, आणि तोकुनागा बराच वेळ आरशात बघत राहिले.

"सहा," ते म्हणाले. "छत्तीस. लाकूडही तेच सांगतंय."

म्हणजे दोघांपैकी कुणीच नाही.

कुणाच्या तरी हातातला बर्फीचा तुकडा मोडला. काहू खुर्चीत बसले. तोकुनागा भला माणूस. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे बनली छत्तीसला. पण दुकानात गिटारी पडून राहतात. दोन वर्षंसुद्धा. घरी अडतीसला आली असेल."

सगळ्यांनी पलानीकडे पाहिलं. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढ्यावर मी त्याची झाले असते आणि कुणाला शंकाही आली नसती. खुद्द पेका मान खाली घालून त्या होकाराची वाट बघत होती.

पलानीने टोपी काढली. डोक्यावरचे होते नव्हते ते केस नीट केले.

"नाही," तो म्हणाला. "हीच वाजवून पापांनी आईला पटवलं. आई सांगायची. लग्नाआधीच ती घरात होती." मग म्हणाला, "हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत."

मित्रांनो, मी लोपाकाचं वाजवणं ऐकलंय. तरी त्या नाहीपेक्षा सुरेल काही मी ऐकलेलं नाही.

पेकाने काहूंकडे पाहिलं. काहूंनी नेहमीप्रमाणे निरोप घ्यायला मान पुढे केली. पण ती काहूंच्या अंगावरून पलीकडे वळली.

"पलानी, तुला कधी सांगितलं होतं त्यांनी?"

तीस वर्षांनी ती 'तुला' म्हणाली. काहूंनी सवयीने ते वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पलानीने उजवा हात वर केला, तो अजूनही कोपरात थोडा वाकडा आहे. "हा मोडला तेव्हा. मी जेवत नव्हतो. आणि तुला?"

"विमानतळावर. मी चढत नव्हते."

मग पेकाच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "म्हातारा," ती म्हणाली, "दोघांना एकच गिटार चिकटवून गेला." पलानी म्हणाला की तरी बरं, तिसरं मूल नव्हतं. मग तोही हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला, आणि त्याच्या पाठीवर थापा कुणी मारल्या ते सांगायला नको. ती नर्सच होती.

आता भांडण मिटलं असं तुम्हाला वाटेल. काहूंनाही वाटलं. पण पलानी म्हणाला, पेका, तू घे, तुझ्या घरी वाजवतील तरी, माझ्याकडे नुसती खोगिरं आहेत. पेका म्हणाली, उगाच मोठेपणा नको, थोरला तू, तू घे. तो म्हणाला, एकदा सांगितलं ना. ती म्हणाली, आवाज चढवू नकोस. दोघांचे आवाज चढले. तीस वर्षं जी गिटार दोघांना हवी होती ती आता कुणीच न्यायला तयार नव्हतं. तोकुनागांनी शेवटी ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. काहूंनी डोक्याला हात लावला, मग मला उचलून पलानीच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर ठेवलं आणि दोघांना सांगितलं की बाहेर जाऊन भांडा, सभागृह झाडायचंय.

पलानी गाडी चालवायला बसला. पेका त्याच्या शेजारी, मला आडवी मांडीवर घेऊन. गाडी पेकाच्या घरापाशी थांबली. ती उतरेना. म्हणाली, मी उतरले तर ही माझ्याबरोबर उतरेल, आधी तुझ्या घरी चल. गाडी पलानीच्या घरापाशी आली. त्याने ती थांबवलीच नाही. म्हणाला, मी थांबलो तर तू हिला माझ्या व्हरांड्यात ठेवून पळशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पेका म्हणाली, पायांत पळायची ताकद असती तर पळालेच असते. गाडी पुन्हा तिच्या घराकडे वळली. मधल्या रस्त्यावर बोलण्यात पापांचा दुखरा दात निघाला, मनोएलचं गवत निघालं, आईची खिडकी निघाली. पेकाला ठाऊक नव्हतं ते पलानीला ठाऊक होतं, पलानी विसरला होता ते पेकाला आठवत होतं. आम्ही अख्ख्या गावाला किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस सुरुवातीला हात हलवत होता, नंतर त्याने खुर्ची बाहेर आणून मांडली.

अजूनही माझा निकाल लागलेला नाही. दर रविवारी प्रार्थनेनंतर मला कुणाकडे उतरवायचं हे ठरवायला दोघं ट्रकमध्ये बसतात आणि मला मध्ये घेतात.

मित्रांनो, गिटारीला गाडीत ठेवू नये. काचेतून ऊन लागलं की सरस सुटतो, मान उचकते आणि मग तोकुनागांसारखा माणूसही काही करू शकत नाही. त्यांनी हे या दोघांना फोन करून दोनदा बजावलं आहे आणि त्यांचं बरोबर आहे. तुमच्या घरात एखादी जुनी गिटार असेल तर तिला सावलीत ठेवा, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा, वाजवून झाली की तारा जरा सैल करा. नंबर जरूर बघा, पण तो वाचून दाखवण्याआधी खोलीत कोण कोण उभं आहे तेही बघा. आणि तिला गाडीत मात्र कधीही ठेवू नका.

फक्त, गाडी चालू असेल आणि आत दोन म्हातारी माणसं बोलत असतील, तर त्यांना थांबवायची घाई करू नका. एक फेरी मी आणखी सोसेन.